शब्दचर्चा: ‘स्पेशल एडिशन’ला मराठीत काय म्हणायचं?

धागाकर्ती

आमच्या चित्रपट मंडळात ‘स्टार वॉर्स’ची जुनी त्रयी दाखवायचं ठरतंय आणि मराठी माहितीपत्रक लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. चित्रपटांची ओळख लिहून झाली. घोडं अडलंय ते एका शब्दापाशी. १९७७, १९८० आणि १९८३ साली आलेले हे तीन चित्रपट जॉर्ज लुकस यांनी १९९७ साली बदल करून पुन्हा प्रदर्शित केले आणि त्यांना ‘स्पेशल एडिशन’ म्हटलं. पुढे २००४च्या डीव्हीडीत, २०११च्या ब्ल्यू-रेत आणि २०१९मध्ये डिस्नेच्या स्ट्रीमिंगवर आणखी काही ना काही बदलत गेलं. म्हणजे नाव एकच आणि रूपं अनेक.

‘विशेष आवृत्ती’ लिहिलं की दिवाळी अंकाची जाहिरात वाटते. ‘नवी आवृत्ती’ म्हणावं तर त्यातली नवी कुठली? ‘सुधारित आवृत्ती’ लिहिलं तर निम्मे सभासद भांडायला येतील. सुचवा.

प्रतिसाद

‘सुधारून वाढवलेली आवृत्ती’. मराठी पुस्तकांवर वर्षानुवर्षं छापतात, कुणाची तक्रार नाही.

प्रतिसाद

‘वाढवलेली’पर्यंत मान्य. ‘सुधारलेली’ हे कोणी ठरवलं?

मी या चित्रपटांचा जुना पंखा आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. १९९७च्या कामातला काही भाग खरोखर दुरुस्तीचा होता. दुसऱ्या चित्रपटात, ‘एम्पायर’मध्ये, बर्फावरच्या लढाईत विमानांच्या सांगाड्यातून मागचा बर्फ आरपार दिसायचा, तो दोष काढला. क्लाउड सिटीच्या कोऱ्या भिंतींना खिडक्या दिल्या आणि बाहेरचे ढग दिसायला लागले. याला सुधारणा म्हणा, माझी हरकत नाही.

पण ग्रीडोचं काय? पहिल्या चित्रपटात मोस आयस्लीच्या गुत्त्यात ग्रीडो हा भाडोत्री शिकारी टेबलापलीकडून हॅन सोलो या तस्करावर शस्त्र रोखून बसलाय. १९७७मध्ये हॅन गप्पा मारता मारता टेबलाखालून त्याला उडवतो, गुत्तेवाल्याकडे नाणं फेकतो आणि चालू पडतो. माणूस कसा आहे ते तेवढ्यात कळतं. १९९७मध्ये आधी ग्रीडो गोळी झाडतो, तीही हातभर अंतरावरून चुकवतो, आणि मग हॅन ‘स्वसंरक्षणार्थ’ मारतो. २००४मध्ये दोघांच्या गोळ्या जवळजवळ एकदमच सुटतात. २०१९मध्ये मरायच्या आधी ग्रीडो ‘मॅक्लंकी’ असं काहीतरी पुटपुटतो. एका प्रसंगाची ही चार रूपं, आणि प्रत्येक नव्या रूपात आधीच्या रूपाची लाज वाटल्यासारखी सारवासारव. पैशासाठी काहीही करणारा हा हॅन शेवटच्या लढाईत नायक ल्यूकच्या मदतीला परत येतो तेव्हा थिएटरात टाळ्या का पडायच्या? तो पहिल्यापासून सज्जन होता म्हणून नव्हे.

शिवाय तिसऱ्या चित्रपटात, ‘जेडाय’मध्ये, जबा या गुंडांच्या म्होरक्याच्या दरबारातलं गाणंच बदललं, १९९७मध्ये तिथे संगणकाने केलेले प्राणी कॅमेऱ्यात तोंड घालून गायला लागले. शेवटचं इवॉकांचं, म्हणजे जंगलातल्या केसाळ बुटक्यांचं, गाणंही गेलं. २०११मध्ये मुखवटेधारी खलनायक व्हेडर सम्राटाला उचलून फेकतो तेव्हा त्याच्या तोंडी ‘नाही…!’ घातलं. आधी तिथे तो गप्प असायचा. मुखवट्याआड काय चाललंय ते आपण ओळखायचो, आणि तेच तर त्या दृश्याचं बळ होतं. याला सुधारणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

प्रतिसाद

वरच्या पंख्यांना दंडवत. पण शब्दचर्चा आहे म्हणून एक.

चाहत्यांच्या टी-शर्टांवर ‘हॅन शॉट फर्स्ट’ हे जे वाक्य असतं त्याचं मराठी सगळे ‘हॅनने आधी गोळी झाडली’ असं करतात. ‘आधी’ म्हटलं की ‘नंतर’ कुणीतरी झाडली असं ओघानेच येतं. १९७७मध्ये ग्रीडो गोळी झाडतच नाही. म्हणजे इंग्रजी घोषणा देताना चाहते नकळत बदललेल्या प्रसंगाचीच चौकट मान्य करून बसलेत. मराठीत आपल्याकडे ‘च’ आहे. ‘गोळी हॅननेच झाडली.’ एका शब्दाच्या जागी एक अक्षर आणि तक्रार अचूक.

(गंमत म्हणजे ते इंग्रजी वाक्य छापलेला टी-शर्ट घालून खुद्द लुकस सेटवर फिरलेले आहेत.)

प्रतिसाद

‘जीर्णोद्धार’ का नको? १९९७च्या आधी मूळ निगेटिव्हचे रंग उडाले होते, धूळ आणि ओरखडे होते, ते सगळं साफ करून घेतलं. शब्द नेमका बसतो.

प्रतिसाद

बसतो, पण तुम्हाला वाटतो त्या अर्थाने नाही. गावाकडे जीर्णोद्धार झालेली देवळं पाहिलीत ना? काळ्या दगडाच्या खांबांना ऑइलपेंट, गाभाऱ्यात बाथरूमच्या फरशा आणि दारात देणगीदारांच्या नावांची पाटी. मराठीत जीर्णोद्धार हा शब्द आता जपणुकीपेक्षा उत्साहाचा झालाय. त्या अर्थाने घेतला तर १९९७ला चपखल आहे, पण माहितीपत्रकात हा टोमणा सगळ्यांना कळणार नाही.

आणि इथे दोन वेगळी कामं एकात मिसळतायत. निगेटिव्ह धुऊन पुसून रंग परत आणणं हे एक, त्याला ‘पुनःस्थापन’ किंवा साधं ‘डागडुजी’ म्हणा. १९७६मध्ये चित्रित करून वगळलेला हॅन आणि जबाचा प्रसंग परत आणणं, त्यातल्या माणसावर संगणकाचा जबा चिकटवणं, मूळ चित्रणात हॅन त्याच्या मागून फिरतो म्हणून त्याला जबाच्या शेपटीवर पाय देऊन वर चढायला लावणं, हे दुसरं. दोन्ही एकाच वेळी झाली आणि जाहिरातही एकत्रच झाली. नवे तुकडे जुन्या निगेटिव्हमध्येच बसवले गेले, त्यामुळे साफसफाई झाली खरी, पण साफ झालेला मूळ चित्रपट प्रेक्षकांच्या हाती आला नाही. धागाकर्तीबाईंनी या दोन कामांना दोन शब्द वापरावेत अशी माझी आग्रहाची विनंती.

प्रतिसाद

चित्रपटांतलं मला फारसं कळत नाही, पण पोथ्यांमध्ये आयुष्य गेलं. तुम्ही सगळे ‘आवृत्ती’ला धरून बसलात, इथे शब्द हवा ‘पाठ’. १९७७चा पाठ, १९९७चा पाठ, २००४चा पाठ. त्यांच्यातल्या फरकांना पाठभेद. (‘पाठांतर’ म्हणू नका. संस्कृतात तो अर्थ आहे, पण मराठी वाचक घोकंपट्टी समजेल.) मागाहून घुसवलेला मजकूर तो प्रक्षेप, त्याचं विशेषण प्रक्षिप्त. तुमचा तो ग्रीडोचा बार प्रक्षिप्त.

या शब्दांमागे आपल्याकडे मोठी परंपरा आहे. शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला. त्यांची मूळ तक्रार तुमच्या चाहत्यांचीच आहे, की लोकांनी मधेमधे आपल्या ओव्या घुसडल्या. काम संपवून त्यांनी बजावून ठेवलं: ‘ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥’ नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. पाहा, नाथ इथे ‘पाठ’ हाच शब्द वापरतात.

पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, ती १९६६मध्ये पूर्ण झाली. तिच्यात गणपती लेखनिक झाल्याची कथा मूळ संहितेत नाही, परिशिष्टात आहे. कथा कितीही लाडकी असो, संपादकांनी तिला तिची जागा दाखवली. पण फेकून नाही दिली, हे महत्त्वाचं. पानाच्या तळाशी पाठभेद, मागे परिशिष्ट. ज्याला जे हवं ते त्याने वाचावं.

प्रतिसाद

मुद्दा सुंदर, पण एक अडचण आहे. ज्ञानेश्वरीत ओव्या घुसडणारे परके होते. इथे नरोटी ठेवणारा स्वतः ज्ञानेश्वर आहे! कर्त्याने स्वतः केलेल्या बदलाला ‘प्रक्षिप्त’ म्हणता येईल का? माझ्या मते नाही. लुकस यांचं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं, की १९७७मध्ये पैसा, वेळ आणि तंत्र अपुरं पडलं आणि मनातला चित्रपट हाच आहे. तुम्ही अर्धवट चित्रपटाच्या प्रेमात पडलात त्याला मी काय करू, अशा अर्थाचंही ते बोलले आहेत. लेखकाने आपली कविता पुढच्या संग्रहात बदलून छापली तर आपण तिला प्रक्षिप्त म्हणतो का?

परक्याने केलेला बदल पाहायचा तर २०२५चं उदाहरण घ्या. ‘रांझणा’ तमिळमध्ये पुन्हा प्रदर्शित करताना निर्मात्या कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेने शेवट बदलून नायकाला जिवंत केलं आणि दिग्दर्शक आनंद एल. राय यांनी जाहीर विरोध केला. प्रक्षेप म्हणायचं तर त्याला म्हणा.

प्रतिसाद

कर्ता म्हणजे कोण, हे आधी ठरवू. ‘एम्पायर’चे दिग्दर्शक अर्विन कर्शनर, ‘जेडाय’चे रिचर्ड मार्क्वाँड. मार्क्वाँड १९८७मध्येच वारले. ‘जेडाय’च्या शेवटी अ‍ॅनाकिनचं (म्हणजे ल्यूकचा बाप व्हेडर, त्याचं मूळ नाव) मेल्यानंतरचं जे रूप ल्यूकला दिसतं ते सेबॅस्टियन शॉ यांनी केलं होतं. २००४मध्ये त्यांना काढून तिथे तरुण हेडन क्रिस्टेन्सन उभा केला. तेव्हा शॉही हयात नव्हते. मुखवटा काढल्यावर मुलाकडे पाहणारा चेहरा शॉचाच राहिला आणि पुढच्या काही मिनिटांत भूत मात्र भलत्याचं. ल्यूकने त्याला ओळखलं कसं, कोण जाणे.

आणि आता ऐका. मार्च १९८८मध्ये हेच लुकस अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्ष द्यायला गेले होते. जुन्या कृष्णधवल चित्रपटांना मालक रंग देत होते, त्याविरुद्ध. उद्याचं तंत्रज्ञान जुन्या नटांच्या जागी ताजे चेहरे बसवेल, संवाद बदलेल, ओठांची हालचालही जुळवून देईल, असा इशारा त्यांनी तेव्हा दिला. सोळा वर्षांनी शॉच्या जागी ताजा चेहरा कुणी बसवला?

प्रतिसाद

लुकस यांच्या बाजूने एवढंच, की त्या साक्षीचा रोख कलावंताला न विचारता बदल करणाऱ्या मालकांवर होता. फक्त ‘स्टार वॉर्स’च्या बाबतीत मालकही तेच आणि कलावंतही तेच, त्यामुळे विचारायचं कुणाला हा प्रश्नच उरला नाही.

प्रतिसाद

महसूल खात्यात नोकरी झाली, म्हणून माझा शब्द ‘फेरफार’.

हसू नका. हिशेबात फेरफार म्हटलं की लबाडी वाटते, पण तलाठ्याच्या दप्तरात फेरफार हा निर्मळ शब्द आहे. मालकी बदलली की गाव नमुना सहामध्ये नोंद होते: कधी बदललं, कशामुळे बदललं, आधी काय होतं. सातबारा बदलतो, पण जुनी नोंद वहीत राहते आणि कुणीही नक्कल मागू शकतो. वर ज्येष्ठांनी महाभारताच्या तळटिपांबद्दल लिहिलं तेच हे.

माझ्या लेकीकडून या चित्रपटांचं भांडण बऱ्याचदा ऐकलंय. तिचा राग ग्रीडोवर कमी आणि वेगळ्याच गोष्टीवर जास्त आहे. बदललेलं बाजारात आलं आणि जुनं बाजारातून गेलं. २००६मध्ये जुने पाठ डीव्हीडीवर दिले, तेही जोडचकती म्हणून, १९९३च्या लेझरडिस्कसाठी केलेल्या जुन्या मास्टरवरून. रुंद टीव्हीवर लावलं की मधे छोटं चित्र आणि चारही बाजूंनी काळं. पुस्तकाची सुधारित आवृत्ती निघाली तरी पहिली ग्रंथालयात सापडते. म्हणून ‘आवृत्ती’ हा शब्द इथे वाचकाची दिशाभूल करतो. पहिली आहेच, हवी तर वाचा, असं तो सुचवतो. तसं नव्हतं ना.

प्रतिसाद

तलाठीकाका, टाळ्या. हेच एवढा वेळ कुणी बोललं नव्हतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदीत १९८९मध्ये पहिले २५ चित्रपट निवडले, त्यांत ‘स्टार वॉर्स’ होता. म्हणजे १९७७चा, कारण तेव्हा १९९७चा पाठ आलाच नव्हता. जो जपायचा म्हणून निवडला तोच पुढे दुकानात मिळेना. जून २०२५मध्ये लंडनला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९७७ची जुनी टेक्निकलर प्रिंट महोत्सवात लावली तर ती बातमी झाली. एका चित्रपटाची, मूळ रूपात दाखवला म्हणून!

मधल्या काळात चाहत्यांनी स्वतःच हात चालवले. कुणी निरनिराळ्या डिस्कांमधून तुकडे जुळवून जुना पाठ उभा केला, कुणी पस्तीस मिलिमीटरच्या जुन्या प्रिंटा मिळवून चौकट न् चौकट स्कॅन केली. टेक्निकलर प्रिंटचे रंग उडत नाहीत, त्याचा फायदा झाला. कायद्याच्या नजरेत हे सगळं बेकायदा आहे, ते सोडा.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. ‘पाठ’ पक्का केला. पत्रकात ‘१९७७चा पाठ’, ‘१९९७चा पाठ’ असं लिहिते, बदलांना ‘फेरफार’ आणि निगेटिव्हच्या साफसफाईला ‘डागडुजी’. तलाठीकाकांचा मुद्दा एका परिच्छेदात घेते.

एक राहिलं. चाहत्यांनी उभ्या केलेल्या त्या प्रतींना इंग्रजीत ‘डीस्पेशलाइज्ड’ म्हणतात. त्याला?

प्रतिसाद

‘विशेष’ काढून टाकला की उरतं ते ‘निर्विशेष’. शंकराचार्यांचं ब्रह्म निर्विशेष आणि यांचा हॅन सोलोही निर्विशेष.

प्रतिसाद

😂 निर्विशेषला जोरदार अनुमोदन.

प्रतिसाद

माहितीपत्रक छापायला जायच्या आधी एक बघा. तुम्ही पहिल्या चित्रपटाचं नाव ‘भाग ४: अ न्यू होप’ असं दिलंय का? ती ओळ १९८१च्या पुनर्प्रदर्शनात जोडली गेली. १९७७च्या पाठात नुसतं ‘स्टार वॉर्स’ आहे.

धागाकर्ती

दिलंय. म्हणजे आता १९८१चाही वेगळा पाठ मोजायचा?