बँडसॉ तिरका कापतोय, स्टेनलेसला ब्लेड टिकेना

मिरकरवाडा_शाफ्टवाला:
मंडळी, रत्नागिरीत वर्कशॉप आहे, बोटींचे शाफ्ट आणि रेलिंगची कामं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे सगळे बोटवाले एकदम अंगावर आणि नेमका आत्ताच बँडसॉ (पट्टीसारखं ब्लेड फिरवून धातू कापायचं मशीन) नखरे करतोय. २७ एमएमचं बायमेटल ब्लेड, इंचाला ४/६ दात, ३०४ स्टेनलेसचा ६० एमएम रॉड घेतला की अर्ध्यावर किंचाळतं आणि खाली पोचेपर्यंत २-३ एमएम तिरकं. ब्लेड वाचावं म्हणून फीड (ब्लेड खाली उतरायचा वेग) अगदी कमी ठेवलंय तरी दात जातात, २ एमएम जाडीचा पाईपही त्याच ब्लेडवर कापतो. ब्लेडचं टेन्शन (ताण) वाढवू का?

लेथवाला_कुडाळ:
टेन्शनला आत्ताच हात नको लावूस. फीड कमी ठेवलंस तेच नडतंय, स्टेनलेस नुसतं घासलं की वरचा थर कडक होतो मग पुढचा दात त्यावरून सरकतो आणि किंचाळतो. स्पीड मिनिटाला ३० मीटरच्या आसपास आण नि फीड वाढव. चिप (कापताना निघणारा कीस) बघत जा, सुटी गुंडाळलेली चकचकीत आली तर बरोबर, पिठासारखी आली तर फीड कमी पडतंय, जाड निळी आली तर जास्त झालं. आणि पाईप ४/६ वर?? कमीत कमी ३ दात जॉबमध्ये (कापायच्या वस्तूत) पाहिजेत बाबा, पाईपला १०/१४ वेगळं ठेव.

जुना_फिटर:
तिरकं जातंय ते ब्लेडला सरळ धरणाऱ्या गाईडमुळे असणार. मोठा जॉब झाला की गाईडचा हात लांबच राहतो, तो जॉबला लागणार नाही इतपत जवळ घे. मग मेन स्विच बंद करून गाईडची बेअरिंग बोटाने फिरवून बघ, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत ती आधी जाम होतात. गुण्या लावायचा तो ब्लेडच्या सपाटीला, दातांना नाही, दात दोन्हीकडे वाकवलेले असतात. एवढं करून तिरकं राहिलं तरच टेन्शन बघ.

मिरकरवाडा_शाफ्टवाला:
गाईडचा हात खरंच लांब होता, शिवाय एक बेअरिंग फिरतच नाहीये. बेअरिंग नि ब्लेड दोन्ही नवीन टाकतो. पण एक रॉड अर्धा कापून पडलाय, त्याच फटीत नवीन ब्लेड घालू?

जुना_फिटर:
अजिबात नको. झिजलेल्या ब्लेडची फट अरुंद असते, नवीन दात अडकून पहिल्याच फेरीत जातील. रॉड उलटा करून समोरच्या बाजूने घे. आणि नव्या ब्लेडला सुरुवातीचे कट निम्म्या फीडने, फक्त चिप निघत राहिली पाहिजे.