लौरा १.८ टीएसआय, स्टेज १ नंतर मिसिंग: प्लग ७ नंबरचा की ८?

वर्तकनगरचा_लौरावाला

नमस्कार मंडळी. गाडी २०११ ची स्कोडा लौरा १.८ टीएसआय. बाबांनी हौसेने घेतलेली, आता माझ्या गळ्यात आहे. दिवाळीत स्टेज १ रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून पॉवर वाढवणं) करून घेतला. कागदावर १६० चे २०५ हॉर्सपॉवर झालेत, खरे किती ते देव जाणे. बूस्ट (टर्बो इंजिनात हवा कोंबतो तो दाब) गेजवर १.२ बारपर्यंत जातो.

त्रास असा: गायमुखच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ३००० आरपीएमला पाय दाबला की गाडी धक्के देते, चेक लाइट फडफडायला लागतो. पाय सोडला की सगळं शहाण्यासारखं. रोजचं वर्तकनगर ते ऐरोली जाणंयेणं, विटाव्याच्या पुलाखाली पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कुथत, तिथे काहीच जाणवत नाही. स्कॅनरवर पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरला मिसफायर, तिथलं मिश्रण नीट पेटत नाही.

प्लग रीमॅपच्या वेळीच नवीन टाकले होते. इरिडियम, बिल साडेतीन हजार. आता गॅरेजवाला म्हणतो, "पॉवर वाढलीये, ८ नंबरचा थंड प्लग टाका." म्हणजे पुन्हा साडेतीन हजार. ऑफिसातला एक जण म्हणतो इरिडियम फेकून दे, साधे तांब्याचे टाक. माझं डोकं आउट झालंय. ७ की ८?

घणसोलीकर

भावा, डोळे झाकून ८. जेवढा थंड तेवढा सेफ. इंजिन उडालं तर रडत बसशील.

कळव्याचे_काका

डोळे झाकून काही टाकू नकोस. आधी इंजिन थंड असताना एक प्लग काढ आणि त्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर काय लिहिलंय ते अक्षरन् अक्षर इथे टाक. बिलावर काय लिहिलंय ते नको. काढण्याआधी कॉइल (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देते ती) उपसून खड्ड्यात हवा मार, नाहीतर तिथली माती सरळ पिस्टनवर पडेल. हात घातलाच आहेस तर तिसऱ्याची कॉइल पहिल्याला लाव, पहिल्याची तिसऱ्याला, आणि तोच चढ परत चढ. कोड जागचा हलतो का ते कळेल.

आणि लाइट फडफडताना पाय दाबून ठेवू नकोस. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा भाग) जाऊन पेटतं, आणि त्या खर्चापुढे तुझे साडेतीन हजार म्हणजे चहापाणी.

वर्तकनगरचा_लौरावाला

काका, रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्येच उघडलं. वॉचमन तासभर शेजारी उभा राहून "साहेब, गाडी विकताय का" विचारत होता.

चारही प्लगवर एकच नंबर: एनजीके बीकेआर६ईआयएक्स-११. टोक फिकट तपकिरी, काजळी नाही, तेलकटपणा नाही. कॉइल बदलल्यावर आता पी०३०१ येतोय. ते ११ म्हणजे हीट रेंज (प्लग किती थंड-गरम तो आकडा) का? मग ८ वर गेलो तर उलट गरम नाही का होणार?

कळव्याचे_काका

वाटलंच होतं. बैस, सांगतो.

बी म्हणजे १४ मिमीचे आटे, के म्हणजे १६ मिमीचा पाना, आर म्हणजे आत रेझिस्टर, ई म्हणजे आट्याची लांबी १९ मिमी, आयएक्स म्हणजे इरिडियम. हीट रेंज तो मधला ६. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड. शेवटचं ११ म्हणजे गॅप, ठिणगी उडी मारते ते अंतर, १.१ मिमी. तुझ्या गॅरेजवाल्याने टर्बो गाडीला, तेही बूस्ट वाढवल्यावर, १.१ चा प्लग घातलाय, आणि वर हीट रेंज मूळच्या ७ पेक्षा एक पायरी गरम. बसला म्हणून बसवला.

सिलिंडरमध्ये दाब वाढला की ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. विटाव्याला बूस्टच नसतो, तिथे १.१ ची उडी कॉइलला जमते. गायमुखला पाय दाबलास की तेवढ्याच अंतरात हवा कोंबून भरलेली असते. कॉइलचा दम संपतो, ठिणगी पडतच नाही. कोड कॉइलच्या मागे गेला, म्हणजे चौघींत ती एक जास्त थकलेली. बाकीच्या तिघीही काठावरच असणार.

आता थंड-गरम. थंड प्लगची ठिणगी थंड नसते. त्याच्या टोकाची चिनीमाती आखूड असते, त्यामुळे उष्णता लवकर हेडमध्ये उतरते. गरम प्लगची लांब असते, उष्णता रेंगाळते. टोक साधारण ५०० ते ८०० अंशांत राहायला हवं. खाली राहिलं तर काजळी जळत नाही, ८०० च्या बरंच वर गेलं तर ठिणगीआधीच मिश्रण पेटतं, आणि तेव्हा पिस्टनला भोक पडतं. एनजीकेचाच ढोबळ हिशेब असा की ७५ ते १०० हॉर्सपॉवर वाढवले की एक पायरी थंड. तुझे वाढले ४५. रोज अर्धा तास जॅममध्ये सडणाऱ्या गाडीत ८ टाकलास तर महिनाभरात प्लग काळे करून आणशील. रेस ट्रॅकवर जाणार असशील तर वेगळं बोलू.

बीकेआर७ईआयएक्स घे, मागे ११ नसलेला. डब्यातून ०.८ चा येतो, तो ०.७ कर. तांब्याचा म्हणतात तो खरं तर निकेलच्या टोकाचा, तांबं आत गाभ्यात असतं, आणि ते इरिडियममध्येही असतं. ठिणगीला वाईट नाही, पण लवकर झिजतो, गॅप आपोआप वाढतो, की तू परत गायमुखला अडकलास.

पामबीच_रात्रपाळी

काकांना दुजोरा, वर एक भर. दुकानदार "हा नाही, दुसऱ्या कंपनीचा घ्या, सेम नंबर" म्हणाला तर ऐकू नका. एनजीकेचा ७ म्हणजे डेन्सोचा २२. बॉशचं तर सगळं उलटं, तिथे आकडा वाढला की प्लग गरम. एनजीकेचा ७ तिथे साधारण ६ होतो. मी एकदा ८ समजून बॉशचा ८ घेतला होता. पुढचं विचारू नका.

गॅप करताना ते गोल नाण्यासारखं गेज वापरू नकोस. इरिडियमचं मधलं टोक ०.६ मिमीचं, गेज तिरकं झालं की टोक तुटलं. तारेचं किंवा पात्यांचं गेज घे, आणि हात लावायचा तो फक्त वरच्या वाकड्या पायाला.

वर्तकनगरचा_लौरावाला

अपडेट. बीकेआर७ईआयएक्स आणले, सील असलेले. ०.७ करताना घाम फुटला. लाकडी पाटावर तो वाकडा पाय हळूच टोकायचा, ०.७ चं पातं घालून बघायचं, अडकलं की परत किंचित उचलायचा. एका प्लगला सहा वेळा. आई विचारत होती पोळपाट कुठे गेला.

आधी हाताने आटे धरवून, मग टॉर्क पान्याने २८ न्यूटन मीटर. आट्यांना ग्रीस लावणार होतो, पण एनजीके स्वतःच नको म्हणते (आट्यांवर आधीच लेप असतो, वर ग्रीस लावलं की जास्त आवळलं जातं), म्हणून राहू दिलं.

काल रात्री अकराला गायमुख. तिसरा गिअर, २५०० पासून तळापर्यंत पाय. एकही धक्का नाही, आणि ती थकलेली कॉइल अजून तीच आहे! परत वळून दोनदा चढलो, खात्री म्हणून. बरं, थोडं मजा म्हणूनही. नवीन कॉइल मागवली आहे.

गॅरेजवाल्याला जुने प्लग नेऊन दाखवले. म्हणाला, "सगळ्या लौरांना हेच टाकतो, कुणाची तक्रार नाही." पैसे काही परत दिले नाहीत.

घणसोलीकर

बरं, माझा ८ मागे घेतो. पण काका, मी स्टेज २ केली तर?

कळव्याचे_काका

मग तुझा ८ परत पुढे घेऊ. आधी गाडी तर घे.

वर्तकनगरचा_लौरावाला

एक राहिलंच. चौथ्या कॉइलच्या सॉकेटची प्लास्टिकची लॉक-क्लिप हातात चुरा झाली. सर्व्हिस सेंटरवाले पूर्ण वायरिंग बदला म्हणतात. नुसतं सॉकेट मिळतं का कुठे?

पामबीच_रात्रपाळी

उष्णतेने सगळ्यांचीच होते. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचं सामान विकणाऱ्यांकडे दोन बोटं वायरीसकट कापलेलं सॉकेट माग. तोवर झिप टाय मार. माझा दोन वर्षं तसाच आहे.