मदत हवी आहे: आल्बर्ट बासरमान यांच्याबद्दल

मंडळी, आमच्या नाट्यवाचन गटात जुन्या जर्मन रंगभूमीवर बोलायचं आहे आणि मी आल्बर्ट बासरमान हा नट निवडलाय. जन्म 1867, मानहाइम. शिकला रसायनशास्त्र, रमला नाटकात. पुढे बर्लिनमध्ये नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्टकडे गाजला. मूकपटांच्या काळात, 1913 साली, 'डेर आंडेरे'मध्ये दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वाच्या वकिलाची भूमिका केली.

मला खरी ओढ आहे ती इफलांट अंगठीची. जर्मन भाषेतल्या सर्वश्रेष्ठ नटाकडे जाणारी ही अंगठी 1911 पासून त्याच्याकडे होती. दुसरा नट अलेक्झांडर मोइसी 1935 मध्ये गेला, तर बासरमानने ती थेट त्याच्या शवपेटीवर ठेवली! काय माणूस असेल!

बायको एल्झे ज्यू, म्हणून दोघांनी नाझी जर्मनी सोडली. अमेरिकेत इंग्रजी धड येत नसताना संवाद उच्चारानुसार घोकून त्याने हिचकॉकच्या 'फॉरिन करस्पॉन्डंट'मध्ये काम केलं आणि ऑस्करचं नामांकनही मिळवलं.

आता अडचण. 'डेर आंडेरे' उपशीर्षकांसह कुठे बघायला मिळेल? त्याच्या आवाजातल्या जुन्या ध्वनिमुद्रिका कुणी ऐकल्यात का? जर्मन वाचणाऱ्यांपैकी कुणी अंगठीबद्दलचे दोन-चार उतारे समजावून देईल का? विकिपीडिया वाचून झालंय, त्यापलीकडचं सांगा.