दगडाने तोंड उघडलं!! हा स्टोनफिशच ना?

ओहोटीवाला: परवा कोरलजवळ स्नॉर्कलिंग करत होतो, कमरेएवढंच पाणी. मास्क साफ करायला उभा राहणार म्हणून खाली बघितलं तर शेवाळलेला एक दगड, त्याच्यावर पाय टेकणार तेवढ्यात दगडाने तोंड उघडलं! दीड वीत असेल. तोंड सरळ आकाशाकडे, कोपरे खाली, म्हणजे कायम रुसल्यासारखं. पाच मिनिटं वर तरंगत बघत बसलो, गडी जागचा हलला नाही. हा दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिश की त्याच्यासारखाच काटेरी स्कॉर्पिअनफिश? आणि न हलता खातो काय?

खडकसखा: तोंड आकाशाकडे म्हणताय म्हणजे स्टोनफिशच वाटतोय. स्कॉर्पिअनफिशचं तोंड बरंचसं समोर असतं आणि डोळे लगेच दिसतात, याचे शोधावे लागतात. कोरलजवळ होता तर बहुतेक रीफ स्टोनफिश, तांबड्या समुद्रापासून पॅसिफिकमधल्या फ्रेंच पॉलिनेशियापर्यंत सापडतो, 40 सेंमीपर्यंत वाढतो. शेवाळ म्हणाल तर ते खरोखरचं उगवलेलं असतं! अंगावर खवले नाहीत, नुसती चामखिळींची कातडी, त्यावर सगळं रुजतं आणि फार झालं की वरचा थर टाकून देतो.

गाळातला: खातो म्हणजे बसल्या जागी गिळतो. छातीच्या रुंद परांनी वाळू उकरून अर्धा गाडून घेतो आणि वाट बघत बसतो, छोटा मासा नाहीतर कोळंबी तोंडावरून गेली की तोंड उघडतं, पाणी आत ओढलं जातं आणि पाण्याबरोबर ती पण. सेकंदाचा पन्नासावा भागही लागत नाही, डोळ्यांना दिसतच नाही. लोकांना वाटतं विषाने मारतो, पण शिकारीत विषाचा काही संबंध नाही, ते फक्त याला कोणी खाऊ नये म्हणून.

खडकसखा: +1. पाठीवर साधारण 13 काटे, प्रत्येकाला दोन विषग्रंथी. काटे जाड कातडीत झाकलेले, म्हणून दिसत नाहीत. वजन पडलं की कातडी खाली सरकते, ग्रंथी दाबल्या जातात आणि विष काट्याच्या खाचेतून वर चढतं. म्हणजे तो टोचत नाही, आपणच टोचून घेतो. पातळ तळव्याच्या बुटातून पण आरपार जातो.

नवखी_पाणबुडी: पण पाय घासत चाललं की पळून जातात ना?

गाळातला: ते स्टिंगरेला (वाळूत लपणारा, शेपटीत काटा असलेला चपटा मासा) चालतं हो, तो हललेलं कळलं की सटकतो. हा सटकत नाही, याचा सगळा भरवसा न हलण्यावर, ओहोटीत उघड्यावर पडला तरी काही तास तसाच जिवंत राहतो. त्यामुळे जाड तळव्याचे बूट घाला आणि खाली बघून पाय टाका, बास. लागलंच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवायचा, 45 अंशाच्या वर नको, चांगल्या पायाने आधी तपासा कारण दुखऱ्याला चटका कळत नाही. विष प्रथिनांचं आहे, उष्णतेने बिघडतं. आणि तडक हॉस्पिटल, ऑस्ट्रेलियात तर 1959 पासून यावर प्रतिविष आहे.

ओहोटीवाला: बापरे, माझे तर साधे रबरी होते. फोटो झूम करून बघितला, दोन डोळ्यांच्या मधे खोल खळगा दिसतोय.

खडकसखा: मग रीफवालाच. खाडीच्या गढूळ पाण्यातल्या भावाला तिथे हाडाचा कंगोरा असतो. तो फोटो टाका की इथे!