आजीनं काढलेली चूक

आजीबद्दल लिहायला बसलं की माया, ऊब, सुरकुतलेले हात हे सगळं आपोआप उतरतं. ते खोटं नसतं, पण सगळ्यांच्या आज्यांना एकच लुगडं नेसवल्यासारखं होतं. म्हणून इथे जरा वेगळं मागतेय. तुमची आजी गाणारी-वाजवणारी असेल, शब्दांवरून अडून बसणारी असेल, तर तिनं तुमची काढलेली एखादी चूक सांगा. थोर आठवण नको, चूकच हवी.

सुरुवात मीच करते. माझी आजी 96 वर्षं जगली आणि तिचं वय आम्ही पेटीवर मोजलं. तरुणपणी ती काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी सा धरून, गायची म्हणे. आईच्या लहानपणी काळी चार. मी तिच्यापुढे शिकायला बसले तेव्हा काळी तीन, आणि नव्वदीनंतर पांढरी चार. उतारवयात बायकांचा आवाज खाली येतो हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तोवर मला वाटायचं, आजी पेटीच्या पायऱ्या उतरत चाललीय. तिला त्याचं काही नव्हतं. "सा जिथे धरशील तिथे," म्हणायची आणि पट्टी बदलायची.

माझी चूक भूपाची. भूप आणि देशकार या दोन रागांचे स्वर तेच पाच, सा रे ग प ध. मध्यम आणि निषाद दोन्हीकडे नाहीत. पण भूपाचा जीव गंधारात, देशकाराचा धैवतात. मी भूप गाता गाता धैवतावर रेंगाळायचे, कारण तिथे माझा आवाज छान लागायचा. आजी पेटी थांबवायची. "स्वर तेच आहेत ना गं?" असा वाद मी घातला, तेव्हा तिनं विचारलं, "आठवण आणि स्मरण एकच का?" मी म्हटलं, हो. "आठवण येते. स्मरण येतं का? ते करावं लागतं." झालं, पुन्हा पहिल्यापासून.

शेवटच्या वर्षी तिनं मला ओळखणं सोडलं होतं. आईला "ही मुलगी कुणाकडची?" असं माझ्यादेखत विचारायची. एकदा उशाशी बसून मी भूप गुणगुणत होते. डोळे मिटूनच म्हणाली, "देशकार झाला." खरंच झाला होता. मी पहिल्यापासून सुरू केलं. मी कोण हे तिला तेव्हाही माहीत नव्हतं.

*

माझी आजी वहीत गाणी उतरवून ठेवायची, शब्द वर आणि स्वरलेखन खाली. ती भातखंड्यांची पद्धत वापरायची: स्वरावर टिंब असेल तर तार सप्तक, खाली असेल तर मंद्र, आडवी रेघ म्हणजे कोमल. हे मी आठव्या-नवव्या वर्षी शिकलो आणि तिची सगळी वही त्याच नजरेनं वाचायला लागलो. ती 'कांहीं', 'नाहीं', 'घरांत' असं लिहायची. मला वाटलं, टिंब आहे म्हणजे हे अक्षर वरच्या सप्तकात म्हणायचं. "आतां कांहीं नाहीं" हे वाक्य मी किंचाळत वाचून दाखवलं. आजी इतकी हसली की तिला ठसका लागला.

मग तिनं समजावलं की ही जुन्या शुद्धलेखनातली न उच्चारायची टिंबं. 1962 च्या नियमांनी ती काढून टाकली. "सरकारनं काढली, मी नाही," असं वर म्हणाली. तिनं शेवटपर्यंत काढली नाहीत. मला शाळेत तीच टिंबं दिली म्हणून गुण गेले, तेव्हा मात्र तिनं माझी बाजू घेतली नाही. "तुझ्या काळात तुझे नियम," म्हणाली. मला तेव्हा फार राग आला होता.

*

आमच्या घरातला विनोद. आजोबा कशालाही हरकत घ्यायचे. आजी त्यांच्याकडे बघायची आणि चालू ओळीत एक बारीकशी हरकत घ्यायची, गळ्यानं, म्हणजे स्वरांची नाजूक फिरकी. भांडण तिथेच बारगळायचं. माझी चूक एवढीच, की मी लहानपणी निबंधात लिहिलं होतं, "आजी आजोबांना हरकत घेते." तिनं 'ना' खोडलं, 'हून गोड' लिहिलं.

*

आम्ही तिला माई म्हणायचो. ती गात नसे, पेटी वाजवायची, आणि पेटीला कुणी साथीचं वाद्य म्हटलं की चिडायची. त्याला कारण होतं. ती शिकायला लागली त्याच सुमारास, 1940 साली, सरकारी रेडिओनं पेटीवर बंदी घातली. आक्षेप असा की पेटीचे स्वर ठोकून बसवलेले. एका पट्टीवरून दुसरीवर जाताना मधली मींड, म्हणजे स्वरावरून स्वरावर सलग घसरत जाणं, निघत नाही, श्रुती, म्हणजे स्वरांमधले बारीक फरक, सापडत नाहीत, शिवाय वाद्य परकं. 1971 नंतर बंदी सैल होत गेली, तोवर माई चाळिशीला आली होती.

तिला विचारलं तर म्हणायची, आक्षेप खरा आहे. मींड नाहीच निघत. म्हणून तर भाता शिकायचा. डाव्या हातानं हवा किती सोडायची, स्वर संपताना कुठे आवरायची, यावर तिचा सगळा जोर. मी बोटं भराभर चालवायचो. "बोटं सगळ्यांनाच असतात," हे तिचं वाक्य माझ्या डोक्यात अजून वाजतं. पावसाळ्यात एखादा सूर लागून राहायचा, पट्टी सोडली तरी आवाज चालूच. मी वैतागायचो. ती म्हणायची, असू दे, आज याचाच सा धरू. (पेटी दुरुस्त करायला मात्र वर्षानुवर्षं नेली नाही, हेही सांगायला हवं. तेवढा तिचा आळस.)

*

वरचं सगळं वाचून लिहावं की नाही असा विचार करत होते. माझी आजी अशीच होती, सुरांची पक्की, शब्दांची पक्की. पण चुका काढून काढून तिनं माझ्या आईचं गाणं बंद पाडलं. तिची सून होती ना. ताल सुटला की सगळ्यांसमोर टाळी थांबवायची. नातवंडांची चूक काढताना तिच्या आवाजात हसू असायचं, आईच्या वेळी नसायचं. आई आता सत्तरीची आहे आणि घरात कुणी नसेल तेव्हाच गाते. मी एकदा दाराबाहेर उभी राहून ऐकलं. चांगलं गाते. सांगितलं नाही.

*

चूक नाही, उलटंच काहीतरी. आजीला 81 व्या वर्षी पक्षाघात झाला आणि वाचा गेली. ऐकलेलं कळायचं, उत्तर ओठांवर अडायचं. जिनं आम्हाला झुंजुमुंजु, फटफटणं आणि उजाडणं यांतला फरक शिकवला, तिला "पाणी" म्हणता येईना. वाचोपचार करणाऱ्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, यांना गाणं येतं का? आम्ही एक ओळ सुरू केली आणि आजीनं पुढची पूर्ण म्हटली. शब्दांसकट! बोलणं बहुतेकांच्या मेंदूत डावीकडे असतं, चालीसाठी उजवी बाजूही कामाला येते, म्हणून असं होऊ शकतं, असं त्यांनी सांगितलं.

मग आम्ही सगळं चालीत बसवायला लागलो. "खिडकी उघड" सुद्धा. भाऊ ते एकदा बेसूर म्हणाला तर आजीनं हातानंच सांगितलं, खाली आहेस, वर ये. म्हणजे शेवटी चूक काढलीच की! सहा-सात महिन्यांत काही शब्द चालीशिवायही यायला लागले. सगळे नाही आले.

*

"मी तुझी मदत करतो" म्हटलं की आजी ढिम्म बसून राहायची. "तुला मदत करतो" म्हटल्यावरच उठायची. गुडघे दुखत असले तरी!

*

आमच्या आजीला जाऊन चार महिने झाले. तिचं गाणं फोनवर टिपून ठेवलंय असं सगळ्यांना वाटत होतं. ऐकलं तर 40 मिनिटांत गाणं जेमतेम तीन मिनिटं. बाकी सगळा वेळ ती आणि आत्या एका ओळीतला शब्द 'सांज' की 'साज' यावर भांडतायत. मधे कुणीतरी पंखा बंद करायला सांगतं. आता तो भांडणाचाच भाग आम्ही जास्त ऐकतो.

तिची एक शब्दांची वही होती. नवा शब्द, समोर अर्थ, असं 60-65 वर्षं. शेवटच्या नोंदीत अर्थ नाही. थरथरत्या अक्षरात एवढंच आहे: "हळहळ, हुरहूर. फरक?"

बाबा म्हणतात, हळहळ झालेल्याची, हुरहूर व्हायच्याची. आत्याला ते पटत नाही. तिचं म्हणणं, हळहळ दुसऱ्यासाठीही वाटते, हुरहूर फक्त आपली आपल्याला. मी समोरची जागा अजून कोरीच ठेवलीय. तुम्हाला काय वाटतं?