काँट्री, वर्गणी की आणेवारी? हॉटेलच्या बिलाला नेमका शब्द कोणता

प्रश्न (जळगाव)

'काँट्री' या शब्दाबद्दल विचारायचं आहे. कॉन्ट्रिब्युशनचं हे आखूड रूप आमच्याकडे वसतिगृहापासून गल्लीपर्यंत सगळीकडे रुळलं आहे. 'काँट्री काढू', 'काँट्री किती आली', 'त्याची काँट्री बाकी आहे' असं आम्ही रोज बोलतो. पण या शब्दाचा अर्थ सगळ्यांच्या मनात सारखा नाही, हे मागच्या महिन्यात लक्षात आलं.

शाळेपासूनचे आम्ही सहा जण भुसावळ रस्त्यावरच्या एका ढाब्यावर जेवायला गेलो होतो. चौघांनी मटण घेतलं, दोघं शाकाहारी. शेवभाजी, डाळ, भाकरी, भात, पापड हे सगळ्यांत. निघताना ठरलं होतं, 'काँट्री काढू'. कर धरून बिल आलं ३,३६० रुपये. कुणीतरी मोबाइलवर भागिले सहा केलं, माणशी ५६०. सगळ्यांनी तिथल्या तिथे पाठवले. शाकाहारी दोघं काही बोलले नाहीत, पण त्यातला एक त्यानंतर दोनदा बोलावूनही आला नाही. त्याच्या मनात काँट्री म्हणजे ज्यानं जे खाल्लं त्याचे पैसे. आमच्या मनात काँट्री म्हणजे सारखा भाग. आम्ही त्याला फसवलं नाही. तरी शब्द एकच आणि अर्थ दोन, म्हणून माणूस दुखावला. मराठीत या दोन गोष्टींना वेगळे शब्द आहेत का?

धुळे

आहेत, आणि रोजच्या वापरातले आहेत. एकाला म्हणा 'माणशी', दुसऱ्याला 'ज्याचं त्याचं'. आमच्या घरी अहिराणी बोलतात. हॉटेलातून उठताना पहिला प्रश्न 'कितला व्हयनात?', म्हणजे किती झाले, आणि मग 'बठ्ठा मिळीसन' देणं. सगळे मिळून, इतकाच त्याचा अर्थ. सारखे की कमीजास्त, ते त्या शब्दात नाही. तुमच्या काँट्रीचंही तेच झालं.

जळगाव (दुसरे एक)

वर्गणी म्हणा की सरळ! चांगला मराठी शब्द आहे.

मुक्ताईनगर

वर्गणी इथे बसत नाही असं मला वाटतं, आणि का ते जरा सविस्तर लिहितो.

वर्गणी आधी ठरते आणि कार्यासाठी असते. गणपतीची वर्गणी दिलेला माणूस आरतीला आला नाही तरी पैसे परत मागत नाही. कुणी प्रसादाच्या किती वाट्या खाल्ल्या यावरून वर्गणी बदलत नाही. आमच्या गावाहून मुक्ताबाईची पालखी पंढरपूरला निघते. दिंडीत चालणारा जेवणाखाण्यासाठी जी ठरलेली रक्कम भरतो तिला 'भिशी' म्हणतात. तिथेही चार भाकरी खाणारा आणि दोन खाणारा सारखेच पैसे भरतो. यात अन्याय झाला असं कुणाला वाटत नाही, कारण रक्कम निघण्याआधी माहीत असते आणि पंगतीत सगळ्यांना एकच वाढलं जातं. भिशीचा दुसरा अर्थ, म्हणजे दरमहा पैसे जमवून पाळीपाळीनं एकाला देणं, तो वेगळा. पण तिथेही हप्ता आधी ठरलेला आणि सारखाच.

हॉटेलात नेमक्या याच दोन गोष्टी नसतात. रक्कम शेवटी कळते आणि ताटं वेगळी असतात. म्हणून माणशी सारखी रक्कम तिथे टोचते. भरीत पार्टीत टोचत नाही. आसोद्याची किंवा बामणोदची वांगी आणली, कपाशीच्या काड्यांवर भाजली, ठेचून हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात घातली, सोबत कळण्याच्या पुऱ्या. सगळ्यांचं पान एकसारखं. तिथे 'माणशी' हाच न्याय. एखाद्यानं घरचं तेल आणलं, दुसऱ्यानं कळण्याचं पीठ आणलं, तर तोही त्याचा भाग धरतात. त्याला आमच्याकडे 'शिधा आणला' म्हणतात.

चाळीसगाव

'वाटणी' कसा आहे? बिलाची वाटणी.

धुळे

अर्थानं बरोबर आहे, पण माझ्या तोंडी येणार नाही. 'त्यांच्याकडे वाटणी झाली' म्हटलं की भाऊ वेगळे झाले, चुली वेगळ्या झाल्या, हेच डोळ्यांसमोर येतं. मित्रांच्या जेवणाला तो शब्द नको.

अमळनेर

मी तलाठी कार्यालयात लेखनिक होतो, म्हणून एक जुना शब्द सुचवतो : आणेवारी.

आज आणेवारी किंवा पैसेवारी म्हटलं की पिकाची आठवते, म्हणजे रुपयात किती पैसे पीक आलं त्याचा अंदाज. पन्नास पैशांच्या आत आली की टंचाईची चर्चा सुरू होते. खानदेशातल्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. पण या शब्दाचा आणखी एक उपयोग आहे. सामाईक जमिनीत कुणाचा हिस्सा किती, हे सातबारावर आणे-पैंत लिहीत. पूर्ण जमीन म्हणजे रुपया, रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै. कुणाचे चार आणे, कुणाचे अडीच. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि आणा हळूहळू व्यवहारातून गेला, पण हिस्सा सांगायची ती रीत कागदावर पुढेही राहिली. 'सोळा आणे खरं' आपण अजून म्हणतो, त्यातही सोळा आणे म्हणजे पूर्ण.

आता तुमचं बिल घ्या. ३,३६० मध्ये ५ टक्के कर आहे असं धरतो, म्हणजे मूळ रक्कम ३,२००. त्यात मटण २,००० चं आणि सगळ्यांत मिळून खाल्लेलं १,२०० चं असं समजू. १६ आण्यांत आणा २०० रुपयांचा. समाईकाचे सहा आणे सहा जणांत, म्हणजे प्रत्येकी एक आणा. मटणाचे दहा आणे चौघांत, म्हणजे प्रत्येकी अडीच. शाकाहाऱ्याची आणेवारी एक, बाकीच्यांची साडेतीन. दोन एके दोन आणि चार साडेतीन चौदा, सोळा आणे पूर्ण. कर आण्यामागे १० रुपये. शाकाहाऱ्यानं द्यायचे २१०, बाकीच्यांनी ७३५. तुम्ही त्या दोघांकडून प्रत्येकी ३५० जास्त घेतले आणि चौघांनी प्रत्येकी १७५ कमी दिले.

यात कराची वेगळी भांडणं करावी लागत नाहीत, तो आण्याबरोबर आपोआप वाटला जातो. आणि 'आणेवारीनं देऊ' म्हटलं की हिशेब खाण्याप्रमाणे होणार, हे शब्दातच आलं.

भुसावळ

आणेवारी फार आवडला. पण टिप? तीही आणेवारीनं?

अमळनेर

नाही, टिप माणशी. वाढणाऱ्यानं पाणी सहाही जणांना दिलं, भाकरी सहाही जणांना गरम आणली. ज्यानं स्वस्त खाल्लं त्याच्याकडे तो कमी वेळा आला नाही. १२० ठेवायचे तर प्रत्येकी २०. यावर माझं मत पक्कं आहे.

नंदुरबार

इथे लेखनाचा प्रश्न आहे. मराठीत 'टीप' आधीच तीन-चार कामं करते : पुस्तकातली तळटीप, पोलिसांना दिलेली टीप, शिलाईची टीप. रडताना गाळतो ती टिपं वेगळीच. म्हणून हॉटेलातली 'टिप' मी ऱ्हस्व लिहिते, जसं 'बिल' लिहितो. उच्चारही तसाच आहे.

मराठी पर्याय शोधायचा तर 'बक्षीस' आहे. फारसीतून आलेला, मूळ अर्थ देणगी. कायद्यात 'बक्षीसपत्र' तोच अर्थ जपतं, मोबदला न घेता दिलेलं. पण बोलण्यात बक्षीस आता स्पर्धेचं झालं. शिवाय वाढणाऱ्याला बक्षीस देणं म्हणजे वरच्यानं खालच्याला देणं, असा वास येतो आणि तो मला नको वाटतो. 'पोस्त' दिवाळीची. 'चहापाणी' आणि 'चिरीमिरी' हे शब्द लाचेनं नासवले, ते कष्टाच्या माणसासाठी वापरू नयेत. त्यापेक्षा टिप बरा.

'सेवाशुल्क' मात्र टिपेचा पर्याय नाही. शुल्क म्हणजे देणं भाग असलेली रक्कम. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं की हॉटेलनं बिलात सेवाशुल्क आपणहून लावू नये आणि दुसऱ्या नावाखालीही घेऊ नये. दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ ला त्या सूचना कायम ठेवल्या. बिलात ती ओळ दिसली तर काढायला सांगता येते. टिप आपल्या खुशीची, आणि शक्य तर हातात द्यावी, म्हणजे ती त्याच माणसाला पोचते.

चोपडा

आणि ज्याला सगळ्यांचं एकट्यानंच द्यायचं असतं? आमच्याकडे पाहुण्याला खिशात हात घालू देत नाहीत.

मुक्ताईनगर

ती वेगळीच गोष्ट, त्याला 'मी देतो' एवढे दोन शब्द पुरतात. फक्त ते जेवायला बसण्याआधी म्हणावेत. मग जो तो ताटात काय घ्यायचं ते जपून ठरवतो.

जळगाव (प्रश्न विचारणारा)

सगळ्यांचे आभार. अमळनेरच्या काकांचा हिशेब मी मटण खाणाऱ्या बाकी तिघांना पाठवला. मटणाचा आकडा खरंच तेवढाच होता, बिलाचा फोटो मोबाइलात सापडला. आम्ही चौघांनी प्रत्येकी १७५ काढले आणि दोघांना ३५०-३५० परत गेले. न येणाऱ्याचा फोन आला. पैशांबद्दल तो एक शब्द बोलला नाही, 'रविवारी कुठे जमायचं' एवढंच विचारलं.

रविवारी शेतावर भरीत आहे. निरोपात 'काँट्री' लिहिलं होतं, ते खोडून लिहिलं : माणशी १५०, शिधा आणेल त्याचा शिधा धरला जाईल. पुढे ढाब्यावर गेलो तर 'आणेवारीनं' लिहीन.