विकतच्या भाजणीचं थालीपीठ तुटतं, कडक होतं
वर विचारलंय, विकतच्या भाजणीचं थालीपीठ थापताना का तुटतं. भाजलेल्या पिठाला चिकटपणा कमी असतो, म्हणून गार पाण्यात भिजवू नका. 2 वाट्या भाजणी, 2 चमचे कणीक, बारीक चिरलेला कांदा, तिखट, मीठ, चमचाभर तेल. गरम पाण्याने सैलसर मळून 10 मिनिटं झाका. कांद्यालाही पाणी सुटतं, तेव्हा पाणी बेतानेच. घट्ट मळलं की थालीपीठ कडक होणारच.

ओल्या फडक्यावर थापा, भोकं पाडून तव्यावर टाका आणि भोकांत तेल सोडा. मध्यम आचेवर झाकून 4 मिनिटं. उलटल्यावर झाकण नको, खरपूसपणा जातो.

थालीपीठाबरोबर खायला पुण्यात डेअरीत पांढरं लोणी मिळतं, तेच घ्या. खारं बटर असेल तर पिठात मीठ कमी. पाकिटाला खवट वास आला तर भाजणी सरळ टाकून द्या; कांद्या-मसाल्याने तो झाकला जात नाही.